पोटाची वही: मालवणच्या खानावळीतल्या नोंदी

5 नोव्हेंबर 2024
दिवाळी उरकली. नरकचतुर्दशी म्हणजे आमच्याकडे पोह्यांचा दिवस. गुळाचे, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे आणि तिखट, असे पाच प्रकार मी पहाटे उठून केले आणि दोन घास रसातले पोहे खाऊन ताट बाजूला सारलं. बेंबीच्या वर, छातीच्या पिंजऱ्याखाली निखारा ठेवल्यासारखं होतं. हे दोन वर्षं चाललंय. आई (माझ्या सासूबाई) काही बोलल्या नाहीत. ताट उचलून नेलं आणि वाटीभर गरम पेज आणून ठेवली.

आजपासून ही वही. खानावळीच्या हिशोबाला जशी वही, तशीच पोटाला. चार रकाने आखलेत: वेळ, काय खाल्लं, दुखलं का (शून्य ते दहा), आणि त्या दिवशी आणखी काय घडलं. दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. लेक मिरजेला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते, तिनेच फोनवर बजावलं की एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

9 नोव्हेंबर
सकाळी 6, सकाळी 11, संध्याकाळी 5. दुखतं ते याच वेळांना. आज सुरमईचं तिखलं जेवणात भरपूर खाल्लं, तरी जेवणानंतर आकडा दोनच.

19 नोव्हेंबर
चौदा दिवसांची पानं काल रात्री पसरून बसले. मी सगळा दोष मालवणी मसाल्याला देत होते. वही तसं म्हणत नाही.

माझा दिवस असा आहे. पहाटे पाचला कोरा चहा, रिकाम्या पोटी. मग बाजार, मासे साफ करणं, मसाल्याचं वाटप. अकराच्या सुमाराला तीन टोपांतल्या आमट्यांची चव घ्यायची: मासळीचं सार, काळ्या वाटाण्याची आमटी, मटण असेल तर त्याचा रस्सा. प्रत्येकातून दोनदा-तीनदा पळी तळहातावर. आदल्या रात्री नऊनंतर पोटात अन्नाचा कण नाही आणि त्यावर तिखट, खारट, आंबट थेट. गिऱ्हाइकं आटपून मी जेवते चारला. चौदापैकी अकरा दिवशी सगळ्यात मोठा आकडा अकरा ते बारामध्ये आहे. तोच मसाला, तोच हात. पण भाताबरोबर जेवणात गेला तर दोन आणि उपाशी पोटी चव घेतली तर सात.

उद्यापासून एकच बदल: पहाटे चहाच्या आधी वाटीभर पेज आणि दहा वाजता मूठभर पोहे किंवा एक केळं. चव घ्यायचं काम शक्यतो स्वयंपाकात हाताशी असलेल्या मावशींकडे. त्यांचा हात पंधरा वर्षांचा आहे, मला विश्वास ठेवायला जमलं पाहिजे.

27 नोव्हेंबर
अकराचा आकडा सातावरून चारवर आला. खाली आला, पण जात नाही. म्हणून आज कुडाळला पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. वही बरोबर नेली. त्यांनी ती पाच मिनिटं शांतपणे वाचली, त्याचं मला फार बरं वाटलं. याआधी दोन वर्षं ज्यांच्याकडे जात होते, त्यांनी एकदाही पोटाला हात लावून बघितलं नाही. दर वेळी तीच आम्ल कमी करणारी गोळी आणि “तिखट सोडा”. त्या दोन वर्षांचा राग माझ्या मनात आहे, तो इथे लिहून ठेवते.

डॉक्टरांनी विचारलं, गुडघ्यासाठी काय घेता? डायक्लोफिनॅक, आठवड्यातून चार-पाच वेळा, दुकानातून आणून. ही गोष्ट वहीत “आणखी काय घडलं” या रकान्यात होती आणि मला त्याचा संबंध दिसला नव्हता. त्यांनी समजावलं ते असं: जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा लेप असतो, तो आम्लापासून अस्तराला जपतो. तो लेप तयार ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. वेदनाशामक गोळी गुडघ्यातली सूज उतरवते ती हीच द्रव्यं थांबवून, पण ती गुडघ्यातली आणि पोटातली असा भेद करत नाही. जेवणानंतर घेतली तरी रक्तातून जाऊन हेच करते. म्हणून ती बंद. गुडघ्याला लागलीच तर पॅरासिटामॉल, तीही मापात.

हिमोग्लोबिन 9.8 आलं. रक्तदाब 138/88, “यावर लक्ष ठेवायचं” असं चिठ्ठीवर लिहिलं. दुर्बीण घालून तपासणी 12 डिसेंबरला. तोपर्यंत आम्लाची गोळी पूर्ण बंद, कारण तिच्यामुळे पोटात एखादा जंतू असला तरी तपासणीत लपून राहू शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा गिळताना अडकलं, तर तारखेची वाट न बघता निघायचं.

2 डिसेंबर
गोळीविना पाचवा दिवस. पहिल्या दोन रात्री बसून काढल्या. आता घरच्या उपायांचीच खरी परीक्षा आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

पेज. आईंची रीत: उकड्या तांदळाच्या एका वाटीला आठ-नऊ वाट्या पाणी, चुलीवर मंद आचेवर, शितं फुलून उमलेपर्यंत. मीठ उतरवल्यावर. वर जमते ती निवळ आधी प्यायची, कोमट, घोट घोट. मग खालची शितं. लहानपणापासून पेजेबरोबर खारातली कैरी किंवा भाजलेला सुका बांगडा खाल्लाय, ते दोन्ही बंद. त्याऐवजी उकडलेला लाल भोपळा किंवा ओल्या खोबऱ्याची बिनमिरचीची चटणी. पेज प्यायल्यावर वीस मिनिटांत आकडा सहावरून दोनवर येतो, हे पाच दिवसांत आठ वेळा लिहिलंय. पण दोन तासांनी परत चढतो. म्हणजे पेज जखमेवर पांघरूण घालते, जखम भरत नाही. तरीही नंतरच्या रात्री मी झोपले ते पेजेमुळे, आणि त्यासाठी मी आईंची ऋणी आहे.

शहाळं: दुपारी एक. बरं वाटतं, नुकसान काही नाही.
दूध: थंड दुधाने दहा मिनिटं सुख, तासाभराने आधीपेक्षा जास्त जळजळ. चार वेळा असंच झालं. डॉक्टरांना फोनवर विचारलं. दूध आधी आम्ल शमवतं आणि मग त्यातली प्रथिनं, कॅल्शियम जास्त आम्ल पाझरायला लावतात. बंद.
ताक: ताजं, पाणीदार, जिरं घालून चालतं. आदल्या दिवसाचं आंबट ताक चालत नाही.
कोकम सरबत: माझा सगळ्यात मोठा विश्वास यावर होता. कोकणात पित्त म्हटलं की कोकम. अर्धा पेला घेतला आणि आकडा आठवर गेला. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि ते उघड्या जखमेला झोंबणारच. आईंना हे सांगताना जड गेलं. त्या म्हणाल्या, “तुझ्या पोटाक जा मानवता ताच खरा.”

12 डिसेंबर
म्हापशाला जाऊन तपासणी झाली. रात्रीपासून उपाशी. घशात कडू फवारा मारला, जीभ बधिर झाली, मग कुशीवर झोपवून नळी. सात-आठ मिनिटं. ओकारी येते, पण दुखत नाही. अस्तराचे चिमटीएवढे तुकडे घेतले. त्यातला एक पिवळ्या जेलीच्या छोट्या कपात टाकला. अर्ध्या तासाने कप मला दाखवला तेव्हा तो राणी रंगाचा झाला होता.

14 डिसेंबर
अहवाल: जठराच्या खालच्या भागाला जुनाट सूज, दोन ठिकाणी वरवरचे ओरखडे, अल्सर नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी आहे.

रंग बदलण्याचं कारण लेकीने सांगितलं. हा जंतू आम्लात जगतो तो युरिएज नावाच्या विकराच्या जोरावर. युरियाचा अमोनिया करतो आणि स्वतःभोवती आम्ल मारून टाकतो. कपातल्या जेलीत युरिया असतो, अमोनिया झाला की रंग पालटतो. तिच्याकडूनच कळलं की ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोघांनी हा जंतू 1982 मध्ये वाढवून दाखवला. आम्लात जंतू जगणार नाही, अल्सर हा काळजीने आणि तिखटाने होतो, असं डॉक्टरसुद्धा मानायचे. म्हणून 1984 मध्ये मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं आणि काही दिवसांत त्यांच्या पोटाला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हे ऐकताना मला रडू आलं. दोन वर्षं मी स्वतःच्या स्वयंपाकाला दोष दिला, आईंनी शिकवलेल्या मसाल्याला दोष दिला.

चौदा दिवसांचा कोर्स: बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्ल दाबणारी पँटोप्राझोल. पँटोप्राझोल खाण्याच्या अर्धा तास आधी. दोन वर्षं मी ती दुखल्यावर घेत होते, म्हणजे निम्मा उपयोग वायाच. टेट्रासायक्लिनच्या आगेमागे दोन तास दूध, दही, ताक आणि लोहाची गोळी नको, कॅल्शियम-लोह त्याला धरून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. ताकाची वेळ ठरवायला वहीत नवीन रकाना आखला.

15 ते 28 डिसेंबर
दिवस 2. तोंडात सतत पैसा चोखल्यासारखी चव.
दिवस 4. जीभ काळी. शौचही काळं. घाबरून डॉक्टरांना फोन. बिस्मथमुळे होतं, डांबरासारखं चिकट आणि घाण वास नसेल तर घाबरायचं नाही.
दिवस 6. मळमळ. कोर्स सोडावासा वाटला. ह्यांनी अहवालाची पाठची बाजू काढून दाखवली. तिथे डॉक्टरांनी माझ्यासाठी लिहून दिलं होतं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा जंतू 1994 मध्येच कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलाय. अर्धवट कोर्स म्हणजे औषधाला न जुमानणारा जंतू घरात ठेवणं. गोळी घेतली.
दिवस 9. अटवल (मऊ भात), दुधीची पातळ भाजी, मऊ घावणे. एवढंच जातं.
दिवस 11. मुडदुशे मिळाले. आजाऱ्याला द्यायचा मासा म्हणून आमच्याकडे हाच. हळद, मीठ, धण्याचं वाटप, नारळाचा रस, आणि आंबट नाही, मिरची नाही. पूर्ण वाटी संपवली. आकडा शून्य.
दिवस 14. संपलं. पर्यटकांचा हंगाम भरात होता, मावशींनी चौदा दिवस टोप सांभाळले. गिऱ्हाइकांपैकी कोणालाही चवीत फरक कळला नाही, हे मी आनंदाने लिहिते.

25 जानेवारी 2025
कोर्सनंतरही चालू असलेली पँटोप्राझोल आजपासून बंद. जंतू गेला की नाही ते बघायला प्रतिजैविकं संपून किमान चार आठवडे आणि ही गोळी थांबून किमान दोन आठवडे जावे लागतात.

31 जानेवारी
जळजळ परत. पाच, सहा. मन खचलं. डॉक्टर म्हणाले, गोळीने दाबलेलं आम्ल सोडल्यावर काही दिवस उसळी मारतं, जंतू परत आला असं समजू नका, थोडा धीर धरा.

19 फेब्रुवारी
ही चूक नीट लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

धीर धरला नाही. शेजारच्या वैनींनी ज्येष्ठमधाची पूड दिली. 1 तारखेपासून दिवसातून तीन वेळा चमचाभर, कोमट पाण्यातून. पोटाला खरंच आराम पडला, चार दिवसांत आकडा एकवर. एवढा गोड, एवढा सौम्य, झाडाच्या मुळाचा उपाय म्हणून कोणाला विचारलं नाही. 12 तारखेपासून संध्याकाळी घोट्यांना सूज, डोकं जड, पिंढऱ्यांत वांब. काल रक्तदाब 164/102. रक्तात पोटॅशियम 3.1, ते 3.5 च्या वर हवं.

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं. ते शरीराला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. ज्याचा रक्तदाब आधीच काठावर, त्याने हे घ्यायचंच नाही. गावातल्या वैद्यांकडे नंतर गेले तर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला: रक्तदाब मोजलास का? ते स्वतः ज्येष्ठमध थोड्या दिवसांपुरतं आणि मोजून देतात. चूक मुळीची नाही, न विचारता तीन चमचे रोज खाण्याची आहे. बंद केलं. वैद्यांनी धण्याचं पाणी सांगितलं: रात्री ठेचून भिजवायचे, सकाळी गाळून प्यायचं. त्याने विशेष काही होत नाही, पण त्रासही नाही. ते ठेवलं.

22 फेब्रुवारी
शौचाचा नमुना दिला. घोट्यांची सूज उतरली.

25 फेब्रुवारी
जंतू नाही. अहवाल तीनदा वाचला. आईंनी देवाकडे साखर ठेवली.

16 मार्च
शिमगा. पालखी दारात आली, ओटी भरली, पुरणपोळी दोन खाल्ल्या, कटाची आमटी थोडी. आकडा एक. रक्तदाब 130/84.

20 एप्रिल
रातांबे पिकलेत. कोकमाची दुसरी चाचणी, आता अस्तर सावरल्यावर. पहिले तीन दिवस: सोलकढी, जेवणाच्या शेवटी, भातावर. घट्ट नारळाचा रस, कोकमाची चार-पाच सोलं भिजवून काढलेलं पाणी, लसूण अर्धी पाकळी, मिरची नाही. आकडा शून्य, तिन्ही दिवस. पुढचे दोन दिवस: तेवढ्याच सोलांचं सरबत, दुपारी तीनला, रिकाम्या पोटी. आकडा तीन, चार. म्हणजे कोकमही मसाल्यासारखंच. कशाबरोबर आणि केव्हा, यावर सगळं आहे. आणि आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ किती असतं ते आम्ही करणाऱ्यांना माहीत असतं, सरबत पिणाऱ्याला नाही. रक्तदाबवाल्या गिऱ्हाइकांना मी आता आगळाऐवजी भिजवलेल्या सोलांची कढी देते, तीही सोलं आधी धुऊन घेऊन. हे सांगताना आईंचा चेहरा उजळला.

6 मे
मसाल्याचं कांडप. दर वर्षी बेडगी, संकेश्वरी, लवंगी अशा तीन मिरच्या, धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर, त्रिफळ. या वर्षी डंकावर दोन पिशव्या नेल्या. दुसरीत लवंगी नाही, संकेश्वरी निम्मी, धणे आणि बडीशेप दुप्पट. भाजणी मावशींनी केली, मी धुरापासून लांब बसून निवडलं. फळ्यावर आजपासून एक ओळ वाढवली: पथ्याचं ताट. अटवल, मुडदुशाचं किंवा भोपळ्याचं सार, दुधी, ताजं ताक. ताट दुपारी साडेबारालाच मिळेल. मीही तेच, त्याच वेळेला, गिऱ्हाइकांच्या आधी जेवते. चार वाजताचं जेवण संपलं.

14 जून
1 तारखेपासून मासेमारी बंद, 31 जुलैपर्यंत. पावसाळ्याची बेगमी उघडली: खारे बांगडे, गोलमा (वाळवलेली बारीक कोळंबी), सुकट. हा आमचा पावसाळ्याचा जीव आहे आणि इथे मला तडजोड करावी लागतेय. खूप खारवलेलं अन्न जठराच्या अस्तराला सतत ओरबाडतं, कर्करोगाचा धोकाही वाढवतं. जंतू होऊन गेलेल्या पोटाने तर जपायलाच हवं. ठरवलं ते असं: आठवड्यातून एकदा, गोलमा तीन पाण्यांत धुऊन, कांदा-खोबऱ्यात, पेजेबरोबर नव्हे, भाकरीबरोबर. बाकी दिवशी कुळथाची पिठी, अळू, टाकळा.
हिमोग्लोबिन 11.6.

26 ऑगस्ट
हरतालिका. पंचवीस वर्षं निर्जळ केली. आज दर तीन तासांनी शहाळं आणि केळं. आईंनीच ठरवलं, मला विचारलंसुद्धा नाही.

28 ऑगस्ट
ऋषीची भाजी. अळू, भेंडी, लाल भोपळा, सुरण, पडवळ, मक्याचं कणीस. मिरची नावाला, तेल नाही, वर ओलं खोबरं. दोन वाट्या खाल्ल्या. आकडा शून्य. गेल्या एकवीस दिवसांत शून्याखेरीज काही लिहिलेलं नाही.

जेवताना आईंनी भाजी बाजूला सारली. बेंबीच्या वर हात ठेवून बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, “माका ह्या तीस वर्सा हा. ह्या वयात कोण बघता?” तीस वर्षं. मी पाच प्रकारचे पोहे केले त्या पहाटे माझ्यासमोर पेज ठेवताना त्या स्वतः काय खात होत्या, हे मला आज कळलं. हा जंतू बहुतेक लहानपणीच, घरातल्या घरात एकमेकांकडून येतो असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हाच मी आईंना आणि ह्यांना तपासायला हवं होतं. मी विचारलं नाही.

पोटाची दुसरी वही घातली. वेळ, काय खाल्लं, दुखलं का, आणखी काय घडलं. पहिली ओळ आईंनी सांगितली, मी लिहिली. नमुन्याची डबी आणलीय. गौरी-गणपती बोळवले की 3 तारखेला सकाळी सातच्या एसटीने आम्ही दोघी कुडाळला जाणार.